टांकसाळीची चूक की नंतरचा घाव?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याच्या आधी व्याख्यान ठेवायचं, ही आपल्या मंडळाची जुनी युक्ती. त्यामुळे श्रोते उठून जात नाहीत आणि वक्ताही फार लांबण लावत नाही. तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

जुनी नाणी जमवण्याचा मला नाद आहे हे इथे बहुतेकांना माहीत आहे. त्यामुळे गुम्मिडिपूंडी लोकलमध्ये, कॅन्टीनमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी खिशातून रुमालात बांधलेलं नाणं काढतो आणि विचारतो, "हे जरा बघा हो, एरर आहे म्हणे." आजचा विषय त्यातूनच सुचला. नाण्यावर काही वेगळं दिसलं तर ती टांकसाळीत झालेली चूक आहे की नंतर कोणी ठोकलं, कापलं, घासलं म्हणून आलेली खोट आहे, हे ओळखायचं कसं?

यात फरक काय पडतो, असं कोणी म्हणेल. दोन अनुभव सांगतो. आमच्या शॉपमधल्या एका तरुण सहकाऱ्याला फोन आला. त्याच्याकडे दहा रुपयांचं एक नाणं होतं, मधली चकती थोडी फिरलेली. त्याचा फोटो त्याने कुठेतरी टाकला होता. फोनवरच्या माणसाने साडेचार लाख रुपये किंमत सांगितली आणि 'नोंदणी'साठी सहा हजार आधी भरायला सांगितले. पगाराला आठ दिवस होते, पोरगा उसने मागत फिरत होता. ते नाणं दहा रुपयांचंच होतं. का ते पुढे सांगतो. दुसरा अनुभव अगदी उलटा. चेन्नईत गलाईचा धंदा करणारं आपल्याच विटा-खानापूरकडचं एक कुटुंब. आजीच्या देव्हाऱ्यातल्या सात शिवराया एका व्यापाऱ्याला दाखवल्या. त्याने सहा बाजूला काढल्या आणि सातवी "ही खराब आहे, उलटी उमटली आहे" म्हणून तांब्याच्या भावाने मागितली. ती सातवी त्या सातांमधली सगळ्यात मोलाची होती. म्हणजे अज्ञानाने माणूस दोन्हीकडून नागवला जातो.

आता आपल्यापैकी निम्मे लोक सिपकॉटमध्ये रोलिंग मिल, फौंड्री नाहीतर प्रेस शॉपमध्ये आहेत. त्यामुळे जे इतर ठिकाणी चित्रं काढून समजवावं लागतं ते इथे दोन वाक्यांत होईल. यंत्राचं नाणं कसं बनतं? धातू ओतून लगड, लगड लाटून पट्टी, पट्टीतून पंचने गोल चकत्या कापायच्या, भट्टीत तापवून नरम करायच्या, आम्लात धुवायच्या, मग कड दाबून जराशी उचलायची. शेवटी खालचा डाय, वरचा डाय आणि भोवती कॉलर अशा प्रेसमध्ये एक दणका. बस्स. मुंबईची टांकसाळ १८२९ मध्ये वाफेच्या यंत्रांवर सुरू झाली तेव्हापासून आजपर्यंत तत्त्व हेच आहे. आपल्या चेन्नईतही टांकसाळ होती. सौकारपेटेतला मिंट स्ट्रीट तिच्यावरूनच ओळखला जातो. ती १८६९ मध्ये बंद झाली आणि त्या आवारात पुढे सरकारी छापखाना आला.

तर नाणं हातात घेतल्यावर एकच प्रश्न विचारायचा. ही खोट यातल्या कोणत्या टप्प्यावर होऊ शकते? पट्टीत, चकतीत, डायमध्ये की घावात? कारखान्यात रिजेक्शन आलं की आपण हेच करतो ना? कोणत्याच टप्प्यावर बसत नसेल तर ती टांकसाळीची नाही, मग विकणारा काहीही म्हणो.

सगळ्यात उपयोगी खूण आधी सांगतो. डायला तडा गेला तर डायवर खाच पडते, आणि दणक्याच्या वेळी धातू त्या खाचेत शिरतो. म्हणून नाण्यावर तडा उंचवट्यासारखा, उभ्या रेघेसारखा दिसतो. डायच्या कडेचा तुकडाच उडाला तर तिथे अक्षरं नसतात आणि एक गुळगुळीत फुगवटा येतो. याउलट नंतर कोणी नाण्यावर खिळा ओढला तर रेघ खोल जाते आणि तिच्या दोन्ही काठांना बाजूला सरकलेला धातू वर येतो, ज्याला आपण बर म्हणतो. भिंगाखाली तो बर दिसला की विषय संपला. अपवाद आहे, नाही असं नाही. डाय आणि चकतीच्या मध्ये तार, चिंधी, ग्रीसचा गोळा असं काही अडकलं तर खऱ्या नाण्यावरही खोलगट छाप येते. पण तिचे काठ मऊ, घडीव असतात, बर नसतो. ग्रीस अक्षराच्या खाचेत भरून बसलं तर ते अक्षर उमटतच नाही. अशा गाळलेल्या अक्षराच्या जागी पृष्ठभाग शेजारच्या जागेसारखाच दिसतो. खरवडून काढलेल्या अक्षराच्या जागी तिरक्या उजेडात बारीक ओरखडे चमकतात.

कापल्यासारखं दिसणारं नाणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. पट्टी पुढे सरकायला अडली आणि पंच आधीच्या भोकावर थोडा चढला, तर चकतीला चंद्रकोरीसारखा घास पडतो. असं नाणं खरं असू शकतं. पण करवतीने कापून, कानशीने गुळगुळीत करूनही तसा घास करता येतो. ओळखायचं कसं? घासाच्या बरोबर समोरची कड बघायची. कड उचलण्याच्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूवर दाब पडत नाही, म्हणून तिथली कड कच्ची, बसकी राहते. संग्राहक याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. शिवाय घासाजवळची अक्षरं मोकळ्या जागेकडे ओढली गेल्यासारखी निमुळती होतात, कारण दणक्याच्या वेळी धातू तिकडे वाहतो. करवतीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षर सुरीने पोळी कापावी तसं मध्येच तुटलेलं. समोरची कड कधीकधी खऱ्या घासातही ठीक दिसते, म्हणून दोन्ही खुणा ताडून बघाव्यात.

छाप एका बाजूला सरकलेली नाणी लोकांना फार आवडतात. चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही की असं होतं. मग धातूला आवरायला कॉलर नसते, तो पसरतो, म्हणून नाणं नेहमीपेक्षा रुंद भरतं आणि कडेचे दाते गायब असतात. वजन मात्र नेहमीइतकंच. आता आपल्या रुळांवर पोरं नाणी ठेवतात, तीही रुंद होतात. ती लांबट होतात, अक्षरं पसरट आणि चेपलेली दिसतात, आणि चित्र नाण्याबरोबरच ताणलेलं असतं. सरकलेल्या छापेत जे उमटलं ते धारदार आणि जे नाही उमटलं ते कोरं. हा फरक एकदा दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहिला की पुन्हा सांगावा लागत नाही.

आता त्या दहाच्या नाण्याकडे. बाहेरचं कडं पिवळं, आतली चकती पांढरी. ही नाणी २००९ पासून आपल्या हातात आली. कडं आणि चकती दोन्ही कोरी असताना एकत्र बसवतात आणि मग एकाच दणक्यात दोघांवर छाप उमटते. नीट विचार करा. छाप एकदम उमटत असेल तर मधला सिंह तिरका आणि कडेवरचं 'भारत' सरळ असं टांकसाळीत घडूच शकत नाही. कडं आणि चकती सरकलेली असू शकतात, दोन धातूंचा सांधा वाकडा असू शकतो, पण त्यावरचं चित्र अखंडच राहणार. चित्र तुटून फिरलं असेल तर कोणीतरी चकती ठोकून बाहेर काढून पुन्हा बसवली आहे. सांध्यावर भिंग लावलं तर हत्याराच्या खुणाही सापडतात. आमच्या सहकाऱ्याच्या नाण्यात त्या होत्याच. त्याचे सहा हजार वाचले. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याच बाबतीत लोकांना जाहीर सावध केलं होतं, की बँक जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारात पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तरी फोन येतच राहतात.

'शोले'तलं नाणं आठवतंय ना? दोन्ही बाजूंना छापा. अशी नाणी आजही विकायला येतात. बहुतेक वेळा ती दोन नाणी तासून एकमेकांत बसवलेली असतात. कडेच्या आतल्या अंगाला नखाला लागेल न लागेल अशी रेघ असते, आणि फरशीवर टाकलं तर आवाज बद्द येतो. जादूगारांसाठी बनवतात, संग्राहकाच्या गळ्यात मारतात.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, शिवराईकडे. इथे वरचे बरेच नियम उलटे होतात आणि फसगतही जास्त होते.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी स्वतःच्या नावाचं नाणं पाडलं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति', भोवती बिंदूंची किनार. सोन्याचे होन अगदी मोजके मिळाले आहेत, पण तांब्याच्या शिवराया पुढे पेशवाई संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ वेगवेगळ्या ठिकाणी पडत राहिल्या. ओळींच्या मध्ये दोन रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई हा त्यातला उशिराचा प्रकार. ही सगळी हाताची नाणी. तांब्याचा तुकडा ठोकून चपटा करायचा, खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, वरचा ठसा हातात, आणि वरून घणाचा घाव. कॉलर नाही, पंच नाही. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून किनारीचे सगळे बिंदू पूर्ण उमटलेली शिवराई क्वचितच बघायला मिळते. एखादं अक्षर अर्धं, 'श्री' कडेबाहेर गेलेली, कडेला फाटल्यासारख्या चिरा, आकार गोलही नाही आणि चौकोनीही नाही. हे सगळं नेहमीचं आहे. शिवराईला 'ऑफ सेंटर एरर' म्हणून दुप्पट पैसे मागणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा बनेल आहे.

तसंच शुद्धलेखनाचं. कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव'. 'छत्रपति'चीही ऱ्हस्व-दीर्घाची तऱ्हा निराळी. ठसे हातांनी कोरलेले, अनेक कारागिरांनी, अनेक गावी, दीडशे वर्षं. शिवाय ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं. मराठीच्या मास्तरांनी लाल शाईने खुणा कराव्यात असं बरंच सापडेल. याला ठशाचे प्रकार म्हणायचं. अभ्यासकाला त्यांचं मोल मोठं, कारण त्यावरून कोणतं नाणं कोणत्या काळातलं याचा अंदाज बांधतात. चूक म्हणून त्याची वेगळी किंमत लावण्यात अर्थ नाही.

मग शिवराईत खरी चूक कोणती? एक, दुहेरी घाव. पहिल्या घावानंतर नाणं जरा सरकलं किंवा फिरलं आणि दुसरा घाव बसला. तेव्हा पहिली छाप दुसरीखाली दबलेली, पण पूर्ण पुसलेली नाही, अशी दिसते. दुसरी, आजीच्या देव्हाऱ्यातली ती सातवी. नाण्याच्या बाजारात तिला 'लखी' म्हणतात. पाडलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहिलं आणि कारागिराच्या ध्यानात न येता त्याने पुढची चकती ठेवून घाव घातला. खालून नेहमीसारखं 'श्री राजा शिव' उठावाने उमटलं. वर मात्र ठशाऐवजी चिकटलेलं नाणं होतं, त्याचंही तोंड 'श्री राजा शिव'चंच. म्हणून वरच्या बाजूला तेच शब्द आरशात पाहिल्यासारखे उलटे आणि खोलगट उमटले. 'छत्रपति' या नाण्यावर कुठेच नाही. ही चूक रोमन नाण्यांतही सापडते आणि राणीछाप पैशांतही. घण असो की प्रेस, चिकटलं की झालं.

हीच लखी व्हाइसमध्येही बनवतात. दोन नाणी तोंडाला तोंड लावून पिळायची, मऊ नाण्यावर दुसऱ्याची उलटी छाप पडते. पण त्या नाण्यावर आधीची स्वतःची छाप असतेच. ती चेपली तरी पूर्ण जात नाही. उलट्या खोलगट अक्षरांच्या मधून मूळच्या उठावाची भुतं दिसतात, आणि मागची बाजू व्हाइसच्या जबड्याने सपाट झालेली असते. खऱ्या लखीत मागची बाजू टवटवीत असते. आजीच्या शिवराईची होती. त्या घरच्यांनी ती विकली नाही. आजी काय म्हणाल्या ते इथे सांगण्यासारखं नाही, पण व्यापाऱ्याला उद्देशून होतं.

जाणूनबुजून केलेल्या खुणांचा एक वेगळाच वर्ग आहे आणि त्याला नुसतं 'डॅमेज' म्हणून मोडीत काढू नये. जुन्या चांदीच्या रुपयांवर सराफ पारख करून बारीक शिक्के मारत. ते नाणं किती हातांतून फिरलं याचा तो दाखला आहे. १८९८ मध्ये इथल्या पुदुक्कोट्टै भागात रोमन सोन्याच्या ५०१ नाण्यांचा ठेवा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. कोणी म्हणतं चलनातून बाद करण्यासाठी, कोणी म्हणतं आतलं सोनं तपासण्यासाठी. टांकसाळीची चूक ती नक्कीच नाही, पण तो घावच इतिहास सांगतो. एगमोरच्या सरकारी संग्रहालयात दक्षिणेत सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे. आणखी एक गंमत, १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका बेतशुद्ध नसलेला कोरला की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. यात टांकसाळीने छापताना काहीही चुकवलं नव्हतं. चूक नक्षीची होती. 'डुक्कर रुपया' दुर्मीळ आहे तो त्यामुळे.

गलाईवाल्या मंडळींना एक गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगतो. १८३५ नंतरचा कंपनीचा आणि राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. दोऱ्याला टांगून पाण्यात तोलला तर वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरायला हवं. लक्षणीय फरक पडला तर धातूत घोळ आहे. १९४० पासून मात्र रुपयात चांदी निम्मीच, तेव्हा त्यांना हे माप लावू नका. वजन कमी आणि अक्षरं सगळीकडून सारखीच बारीक झालेली असतील तर नाणं आम्लात बुडवलेलं आहे. त्याला 'पातळ चकतीची एरर' म्हणून खपवतात. माळेत ओवलेल्या राणीछापावर कडीच्या डाकाची खूण राहते, कडी काढली तरी. 'डबल अक्षर' म्हणून जे दाखवतात त्यात बहुधा दणक्यानंतर सैल डाय हलून अक्षर एका बाजूला पायरीसारखं चपटं झालेलं असतं. खरा दुहेरी डाय असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, पूर्ण उंचीची आणि टोकाला दुभंगलेली दिसतात. त्यातलं अमेरिकेचं १९५५ चं एका सेंटचं नाणं जगभर प्रसिद्ध आहे.

आणि एक कळकळीची विनंती, खास करून भगिनींना. गणपतीत समया, ताम्हन, पळी-पंचपात्री चिंचेने लख्ख होतात, त्या सपाट्यात देव्हाऱ्यातली नाणीही घासली जातात. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत बसलेला तपकिरी थर हाच तर पुरावा आहे. डायचा तडा जुना असेल तर तो थर तड्यावरही सारखाच बसलेला असतो. ओरखडा नवा असेल तर आतून तांबं उजळ दिसतं. चिंच लावली की दोन्ही उजळ, मग माझ्यासारख्याने काय बघायचं? आपल्याकडे पुलिकटच्या बाजूने खारी हवा येते, तिने तांब्यावर हिरवा कळंक चढतो. नाणी प्लास्टिकच्या चिकट पाकिटात ठेवू नका, ते पाकीटच हिरवं करतं. सुक्या कागदी पाकिटात ठेवा, जोडीला सिलिका जेलची पुडी.

कायद्याचंही थोडं सांगतो. चालू नाणं वितळवणं किंवा मोडून नष्ट करणं हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा प्रयोग म्हणून व्हाइसमध्ये घालू नका. शंभर वर्षांवरची नाणी परवान्याशिवाय परदेशी नेता येत नाहीत. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी शिवराई भेट म्हणून सामानात टाकू नये. शेतात, पायात नाणी सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि गावाकडे घराचा पाया खणताना हे अजूनही घडतं. शंका असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे. गावी जाताना वाट वाकडी करून तिकडे जाण्यासारखं आहे.

दहापट मोठं दाखवणारं भिंग, शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि तिरका प्रकाश पाडता येईल असा टेबलदिवा, एवढंच सामान लागतं. मागच्या टेबलावर मी ते मांडून ठेवलं आहे. बारा नाणी आहेत, सहा टांकसाळीत बिघडलेली आणि सहा नंतर बिघडवलेली, आणि कोणती कोणती ते लिहिलेलं नाही. मुलांना आधी येऊ द्या. भिंगं दोनच आहेत, तेव्हा रांगेने या, आणि मोदकाचा हात धुतल्याशिवाय नाणं उचलू नका.